वावधन सुटलं अन् घर टिनाचं असलं, तर जायचं कुठं?

काळी_माती

राजेहो, नमस्कार.

मी पुसद भागातला. भाचा अमेरिकेत, ओक्लाहोमात असतो. तिकडे एप्रिल ते जून हे टोर्नेडोचे, म्हणजे ढगातून सोंडेसारख्या उतरणाऱ्या फिरत्या वाऱ्याचे दिवस. त्याच्या गॅरेजमध्ये जमिनीखाली लोखंडी खोली बसवलेली आहे, सायरन वाजला की सगळे आत. परवा फोनवर विचारत होता, "मामा, तुमच्याकडे असं काही आलं तर तुम्ही कुठं जाता?" हाच प्रश्न इथं टाकतोय.

घराची परिस्थिती अशी. विटांच्या भिंतीच्या तीन खोल्या, वर टिनं. समोर छपरी, तीही टिनाची. अंगणात जुना कडुनिंब. मागं सांदवाडीत संडास-न्हाणी, तेवढ्यावर स्लॅब. घरात आबा, वय ऐंशीच्या वर, गुडघ्यानं अधू. वावर गावापासून लांब, तिथं एक झोपडी अन् मोटरीची कोठी. सध्या हळद वाळत घातली आहे, त्यामुळे दुपारनंतर कोणी ना कोणी तिथंच. चैत्र-वैशाखात चारनंतर आभाळ काळं झालं की वावधन, म्हणजे वादळी वारं, सुटतंच. टोर्नेडो येवो न येवो, त्या वेळी माणसानं नेमकं काय करायचं?

खोडसाळ_पाटील

सासुरवाडीले जायचं. आमच्या बुढ्यानं स्लॅबचं घर पाहूनच सोयरीक केली होती.

वऱ्हाडी_ठेचा

विदर्भात टोर्नेडो? काऊन लोकाइले घाबरवता भाऊ? ते अमेरिकेतलं खूळ आहे. आपल्याइकडे ऊन मारते, नाहीतर इज मारते. वाऱ्यानं टिन उडते, माणूस नाही उडत.

हवामान_हौशी

ठेचाभाऊ, अर्धं बरोबर आहे. विदर्भात येतं ते बहुतेक वेळा सरळ रेषेतलं वादळ. ढगातली थंड हवा धाडकन खाली येते, जमिनीवर आपटते आणि चहूकडे पसरते. पाऊस यायच्या आधी जो एकदम गार झोत अंगावर येतो ना, तो तिचाच. वैशाखात भर दुपारी मोकळ्या वावरात पाचोळा घेऊन गरगर फिरते ती वावटळ वेगळीच. ती तापलेल्या जमिनीतून उठते, तिला ढग लागत नाही. टोर्नेडो मात्र गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली उतरतो.

"अमेरिकेतलं खूळ" हे मान्य नाही. जगात सगळ्यात जास्त माणसं मारणारा टोर्नेडो आपल्या शेजारी झाला, बांगलादेशात. २६ एप्रिल १९८९, दौलतपूर-सातुरिया भाग, सुमारे १३०० माणसं गेली. दिल्लीत १७ मार्च १९७८ ला विद्यापीठाच्या परिसरात आला होता. ओडिशात केंद्रापाडा जिल्ह्यात २००९ च्या मार्चमध्ये. पंजाबात फाजिल्का जिल्ह्यातल्या बकैनवाला गावात मार्च २०२३ मध्ये. बंगालच्या जलपायगुडीत ३१ मार्च २०२४ ला. महिने बघा, सगळे आपल्या अवकाळीचेच.

कोणता वारा होता ते दुसऱ्या दिवशी ओळखायचं असेल तर पडलेली झाडं पाहा. सगळी एकाच दिशेला आडवी किंवा एका जागेपासून बाहेरच्या बाजूला पसरलेली असतील तर सरळ वारा. एका अरुंद पट्ट्यातच नासधूस, झाडं एकमेकांवर आडवीतिडवी आणि खोड पिळवटलेलं, तर फिरता वारा. पंचनाम्यात दोन्ही "वादळी वारा" म्हणूनच जातात.

वऱ्हाडी_ठेचा

मंग तेच म्हनतो ना मी. सरळ असो का वाकडा, टिन जायचं ते जातेच.

पारसकर

टिन जाते म्हणून सोडून देऊ नका. आमच्या अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या पारसला ९ एप्रिल २०२३ ला काय झालं ते आठवा. रविवारची संध्याकाळ, संस्थानात आरतीला माणसं जमलेली. पाऊस-वारा आला म्हणून लोक टिनाच्या शेडखाली गेले आणि मोठा कडुनिंब शेडवर पडला. सात जण गेले, कितीतरी जखमी. तिथं टोर्नेडो नव्हता. जुनं झाड, खाली टिन आणि खाली गर्दी, एवढंच होतं.

काळी_माती, तुमच्या अंगणातल्या कडुनिंबाबद्दल लिहिलंत ना, तो छपरीपासून किती लांब आहे?

काळी_माती

दहा-बारा फूट असेल. अर्ध्या फांद्या छपरीवरच आहेत. उन्हाळ्यात सावली पडते म्हणून तोडू देत नाहीत आबा.

पारसकर

झाड तोडा म्हणत नाही मी. वाळलेल्या अन् छपरीवर आलेल्या फांद्या कमी करा, बुंधा पोकळ झाला आहे का ते ठोकून पाहा. आणि वारा सुटल्यावर त्या छपरीत खाट टाकून कोणी बसायचं नाही.

परतलेली_मैना

मी काही वर्षं टेक्सासमध्ये राहून आता वर्धा जिल्ह्यात माहेरी आले आहे. तिथं नव्या माणसाला पहिल्या आठवड्यातच शिकवतात. इशारे दोन प्रकारचे. पहिला आला म्हणजे वातावरण तयार आहे, लक्ष ठेवा. दुसरा आला म्हणजे रडारवर दिसलं किंवा कोणी डोळ्यांनी पाहिलं, आता जागा गाठा. दुसऱ्यानंतर हातात मिनिटंच असतात, कधी तीही नाहीत. म्हणून जागा पहिल्या इशाऱ्याच्याही आधी ठरलेली पाहिजे.

जागा कशी असावी? सगळ्यात खालचा मजला, घराच्या मधोमध, लहान खोली, खिडकी नको. खोली जितकी लहान, तितक्या भिंती जवळजवळ आणि छताला आधार जास्त. तिथं न्हाणीघर किंवा जिन्याखालची जागा वापरतात. खाली बसायचं, मान खाली, डोक्यावर हात, वर गादी किंवा जाड वाकळ ओढून घ्यायची. तिकडे मुलांना सायकलचं हेल्मेट घालायला लावायचे. वारा स्वतः फारसा मारत नाही, वाऱ्यानं उडालेला पत्रा, विटा, काच, लाकूड मारतं. आपल्याकडे प्रत्येक घरी मोटरसायकलचं हेल्मेट खिळ्याला टांगलेलं असतंच, पोलीस नसले की तिथंच राहतं. ते कामी आणा.

गाडीत बसून वाऱ्याच्या पुढं पळायचा मोह होतो. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ टोर्नेडो झाला, सव्वाचार किलोमीटर रुंद, आजवरचा सगळ्यात रुंद नोंदलेला. त्यात जे गेले त्यांत गाडीत असलेलेच बरेच. हयातभर टोर्नेडोचा अभ्यास केलेले टिम समारास आणि त्यांचा मुलगा सुद्धा गाडीत असतानाच त्यात गेले. पुलाखाली थांबणंही वाईट, तिथं वारा चिंचोळ्या जागेतून आणखी जोरात जातो.

खोडसाळ_पाटील

ताई, आमची फटफटी किकवर चालू व्हायले दहा मिनिटं घेते. पळायचा प्रश्नच येत नाही.

नांदगावची_सून

माझ्या सासूबाई वारा सुटला की सगळी दारं-खिडक्या सताड उघडतात. म्हणतात वारा इकडून येईल, तिकडून जाईल, घराला काही होणार नाही. अमेरिकेतही म्हणे असं करायचे?

परतलेली_मैना

करायचे, फार वर्षं. घरातला दाब आणि बाहेरचा दाब सारखा केला की घर फुटत नाही, असा समज होता. तो केव्हाच मागे पडला. खिडकी उघडली की वारा आत घुसतो आणि छताला आतून वर ढकलतो. शिवाय खिडक्या उघडत फिरणारा माणूस नेमका काचेजवळ असतो. वेळ असेल तर बंद करा, वेळ नसेल तर तशाच सोडून जागेवर जा. सासूबाईंना सांगताना माझं नाव घेऊ नका.

वेल्डिंगवाला

मैनाताईचं छताबद्दलचं एकशे एक टक्के खरं. माझा धंदाच शेड ठोकायचा आहे म्हणून सांगतो.

टिन मधून कधी उडत नाही. सुरुवात कडेपासून होते, त्यातही कोपऱ्यापासून. छपरी तीन बाजूंनी उघडी असते, वारा खाली शिरतो, वरूनही ओढतो, दोन्हीकडून टिन उचललं जातं. छपरीचं अन् घराचं टिन एकाच अँगलवर असलं की छपरी जाताना घराचं टिनही घेऊन जाते. म्हणून छपरीचा सांगाडा वेगळा ठेवा. गेली तर छपरी जाईल.

दुसरं, बहुतेक घरांत अँगल भिंतीवर नुसता ठेवलेला असतो, त्यावर दोन-तीन विटा अन् सिमेंटचा गोळा. टिनाला हूक मारून मारून गिऱ्हाईक खूश, पण खालचा अँगलच भिंतीला धरलेला नाही. मग अख्खा सांगाडा उचलून शेजाऱ्याच्या कोठ्यावर. भिंतीच्या माथ्यावर सिमेंट-सळईचा पट्टा पाहिजे, त्यात बोल्ट सोडलेला पाहिजे अन् अँगल त्या बोल्टला. नवीन घरकुल बांधताय त्यांनी हे आताच करून घ्या, नंतर पट्टा टाकणं लय महाग पडते.

तिसरं, टिनावर गोटे ठेवणं. गावात ज्या घरावर पाहाल तिथं गोटे, जुने टायर, तुटलेलं जातं. वारा कमी असला तर वजनानं फरक पडत असेल, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होते. टिन उचललं गेलं की गोटा आत, खाली निजलेल्या माणसावर. माझ्या गावात एका बाईच्या पायाचं हाड असंच मोडलं. गोटे उतरवा, त्या पैशाचे हूक घ्या.

वऱ्हाडी_ठेचा

गोट्याले पैसे कुठं लागते भाऊ?

वेल्डिंगवाला

दवाखान्यात लागते.

एक_गुरुजी

शाळेचं काय? मार्चअखेर-एप्रिलला सकाळची शाळा असते म्हणून दुपारी मुलं सुटलेली असतात, हे एक बरं. पण जूनच्या शेवटच्या आठवड्यात विदर्भात शाळा उघडते तेव्हाही वादळं असतातच. ओक्लाहोमात मूर गावी २० मे २०१३ ला एका प्राथमिक शाळेत टोर्नेडोत सात मुलं गेली होती, त्या शाळेत सुरक्षित खोली नव्हती. आमच्या दोन वर्गांवर स्लॅब आहे, एकावर टिन. मी टिनाच्या वर्गातल्या मुलांना आभाळ काळं दिसलं की स्लॅबच्या वर्गात नेतो आणि खिडक्यांकडे पाठ करून भिंतीला बसवतो. दाटी होते, गोंगाट होतो, गणित होत नाही. पालकांपैकी एकानं तक्रार केली होती की गुरुजी ढग पाहून शिकवणं बंद करतात.

खोडसाळ_पाटील

गुरुजी, आमच्या वेळी तुम्ही काऊन नव्हते?

धुऱ्यावरचा_माणूस

घराचं झालं. वावरात असलो तर? मैनाताई म्हणतात तसं न्हाणीघर धुऱ्यावर नसते. वर लिहिलेलं वाचून दोन प्रश्न पडले. वीज कडाडताना जमिनीवर झोपू नका, पाय जुळवून उकिडवे बसा, असं कृषी विभागाच्या माणसानं सांगितलं होतं. टोर्नेडोत म्हणे खोलगट जागेत पालथं झोपा. मग करायचं काय? अन् विहिरीत उतरलं तर चालते काय? आमच्या विहिरीला पायऱ्या आहेत.

हवामान_हौशी

विहीर नाही. पावसाळी माती, सुटलेले दगड, पाणी आणि वर लोखंडी मोटर-पाइप. मोटरीच्या कोठीतही नको, आत स्टार्टर आणि वायर, वर टिन.

झोपायचं की बसायचं, याचं उत्तर कोणता धोका अंगावर आहे त्यावर. वीज जवळ पडली की प्रवाह जमिनीत पसरतो. आडवा माणूस जास्त जागा व्यापतो म्हणून त्याला धक्का मोठा. पण उकिडवं बसणं हाही अगदी नाइलाजाचा उपाय आहे, त्यानं माणूस सुरक्षित होत नाही. खरा उपाय लवकर निघणं. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आलं म्हणजे दहा किलोमीटरच्या आत आहे, हातातलं काम टाकून पक्क्या घराकडे निघायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही.

झोपायची वेळ वेगळी. डोळ्यांसमोर पत्रे, फांद्या उडताहेत, ढगातून सोंड उतरलेली दिसते किंवा मालगाडी जवळून जावी तसा एकसारखा घोंगाट येतोय, तेव्हा उडत्या वस्तूंपासून वाचणं आधी. झाडापासून, झोपडीपासून, बंडीपासून दूर, आजूबाजूपेक्षा खोल जागा, पालथं, दोन्ही हात मानेवर. सोंड डावी-उजवीकडे सरकताना दिसत नसेल, नुसती मोठी होत असेल, तर ती तुमच्याकडेच येतेय.

परतलेली_मैना

खोल जागेबद्दल एक सावधगिरी. त्याच एल रेनोच्या संध्याकाळी ओक्लाहोमात पावसाळी पाण्याच्या गटारात आसरा घेतलेली माणसं पुरात बुडाली. नाल्याच्या पात्रात उतरू नका, आपल्याकडचा नाला वरच्या अंगाला पाऊस झाला की क्षणात भरतो. धुऱ्याकडेचा कोरडा चर बरा.

धुऱ्यावरचा_माणूस

पटलं. अन् सगळ्यात जास्त माणूस कशात सापडते सांगू? ताडपत्रीत. हळद असो, कांदा असो, सोयाबीनची गंजी असो, वारा सुटला की आपण धावतो ताडपत्री धरायले. दोन कोपरे दोघांनी धरलेले, तिसरा सुटला की ती माणसाले फरफटत नेते. आम्ही आता सकाळीच ताडपत्रीच्या कडेला मातीची पोती लावतो अन् वर जुनी मासोळीची जाळी टाकतो. वारा आल्यावर हात लावायचा नाही, हळद भिजली तर भिजली. असं बोलायले सोपं आहे, वर्षभराची मेहनत भिजताना पाहवत नाही, पण बायकोनं शपथ घातली आहे.

गवळण

ढोरांचं कोणी बोललंच नाही. आमच्याकडे दुपारी सगळ्या गाई बाभळीखाली साखळीनं बांधलेल्या असतात. एका विजेत एका दावणीची चार ढोरं गेलेली मी पाहिली आहेत. आभाळ भरलं की पहिलं काम झाडाखालून सोडा. कच्च्या कोठ्यात कोंडण्यापेक्षा मोकळ्या कुरणात ढोर स्वतःला सांभाळतं, कोठा अंगावर पडला तर ते पळणार कुठं? फक्त आपण सोडायला किती आधी जातो हे महत्त्वाचं, कडकडाट सुरू झाल्यावर साखळी सोडत बसायचं नाही.

लग्नाळू_नागपूरकर

अवांतर: माझं लग्न अक्षय तृतीयेला, गावच्या मैदानात, संध्याकाळचा मुहूर्त. मंडप लोखंडी पाइपचा आहे. हा धागा वाचून झोप उडाली.

खोडसाळ_पाटील

लग्न ठरलं की झोप उडतेच, मंडपाले नावं ठेवू नका.

वेल्डिंगवाला

बिछायतवाल्याला सांगा, पाइप नुसते मातीत रोवू नका, बांध चारी बाजूंनी खुंट्यांना द्या. बाजूचे पडदे सोडवता येतील असे ठेवा, वारा आला की आधी पडदे काढायचे. खरं सांगू, वारा वाढला की मंडपच सोडा. पंगत अर्धी उठली तरी चालते. जवळची शाळा, सभागृह, जे पक्कं असेल ते आधी बोलून ठेवा. अन् डीजेच्या माणसाला पहिले लाइन बंद करायले लावा.

लग्नाळू_नागपूरकर

मुहूर्त सकाळचा करतो, दुपारी दोनच्या आत पंगत. सासऱ्यांना सांगायला तुम्ही या.

रेंज_नाही

इशारा कसा मिळवायचा ते राहिलंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे, आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा अंदाज देतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' आहे. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज येतो, जिल्हावार. त्यात सहसा "ताशी ४०-५० किमी" किंवा "५०-६०" असं असतं. अमेरिकेत टोर्नेडोची मोजपट्टी सुरूच होते ताशी १०५ किमीपासून. इथं टोर्नेडोचा वेगळा सायरन नाही, त्यामुळे अंदाजात इशाऱ्याचा नारिंगी किंवा लाल रंग दिसला की आपणच शहाणं व्हायचं.

पण माझं नाव पाहा. वावरात रेंज नाही.

एक_गुरुजी

आमच्या गावी सरपंचानं चांगलं केलं. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगतात. कोतवालाकडे मोबाइल, अंदाज आला की तो भोंगा लावतो. भोंग्याचा आवाज नाल्यापलीकडच्या वावरात पोचत नाही, तर तिथल्या सालगड्यांना घरून कोणीतरी हाक मारायची असं ठरलं आहे. बिनतारी कारभार.

लाइनवाला

मी विजेच्या तारांवर काम करतो. वादळानंतर होणारे अपघात कोणी लिहिले नाहीत म्हणून. उडालेलं टिन तारेवर जाऊन अडकतं आणि खाली लोंबतं. लोक "आपलं टिन" म्हणून ओढायला जातात. लाइन गेलेली दिसली तरी तार मेलेली समजायची नाही, कोणाच्या तरी घरचं जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलटा प्रवाह सोडतो, नाहीतर आम्हीच लाइन परत चालू करतो. पडलेल्या तारेजवळ ओली जमीन असेल तर फार लांब राहा. चप्पल नाही, जाड तळाचे बूट घालून बाहेर पडा, अंगणभर खिळे अन् काच असते. घरात गॅसचा वास आला तर काडी नाही, बटण नाही, आधी बाहेर. आणि कृपा करून लाइनमनला फोनवर शिव्या देऊ नका, आम्हीही त्याच वादळातून आलेले असतो.

वऱ्हाडी_ठेचा

हे पटलं. शिव्या मागे घेतो.

काळी_माती

सगळ्यांचे आभार, धागा लग्नापर्यंत जाऊन आला. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. सगळं वाचून मी मागच्या न्हाणीत जायचं ठरवत होतो. स्लॅब आहे, लहान आहे, खिडकी नाही. पण आम्ही सहा माणसं, न्हाणी चार बाय चार, अन् आबांना सांदवाडीतून तिथवर नेताना टिनं उडायला लागली तर? वेल्डिंगवाले भाऊ, तुमचं काय मत?

वेल्डिंगवाला

न्हाणीच्या भिंती चार इंची आहेत का नऊ इंची? सरकारी योजनेतल्या बहुतेक चार इंची असतात, सळई नसते. नुसत्या वाऱ्यात टिकेल, पण कडुनिंब त्या बाजूला पडला तर सांगता येत नाही. दार आत उघडणारं असेल तर बरं, बाहेर मलबा पडला तरी अडकणार नाही. माझं ऐकाल तर न्हाणी ही नाइलाजाची जागा ठेवा. पहिली जागा शेजाऱ्याचं स्लॅबचं घर किंवा अंगणवाडी.

काळी_माती

अंगणवाडी घरापासून पन्नास पावलं. स्लॅब, जाड भिंत, मधली खोली. पण दुपारनंतर कुलूप असतं.

एक_गुरुजी

कुलपाचं आत्ताच बोलून घ्या. आमच्या शाळेची किल्ली तालुक्याला राहणाऱ्या सरांकडे होती, आता एक कोतवालाकडे अन् एक शेजारच्या घरी आहे. ग्रामसभेत ठराव घेतला म्हणजे कोणी अंगावर येत नाही. आणि आबांना इशारा आल्यावर नाही, आभाळ काळं दिसलं की चारच्या आत नेऊन बसवायचं. पान-तंबाखू सोबत द्या म्हणजे उठणार नाहीत.

काळी_माती

अंगणवाडीताईंशी संध्याकाळी बोललो. किल्ली द्यायला तयार आहेत, म्हणाल्या ठराव आणा. आबा म्हणतात येईन, पण खाट नेली तरच.

खोडसाळ_पाटील

खाट आबांसोबत जाऊ द्या, छपरीत ठेवली तर तशीही वारा नेणारच.

वेल्डिंगवाला

अन् छपरीचे हूक पाहून घ्या, आठ एमएमचे, वायसर रबरीच. गंजलेले काढून टाका, त्यावर रंग मारून चालत नाही.